'काय म्हणते' बाई

आमच्या टायपिंगच्या बाई संगणकावर कधी चिडल्या नाहीत. माणसांवर चिडायच्या, डासांवर चिडायच्या, लाइट गेली की खिडकीतून खांबाकडं बघून चिडायच्या. पण पडद्यावर काही बिघाडाचा निरोप उमटला, की बाई खुर्ची पुढं ओढायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या आणि अक्षरांखाली बोट फिरवत सगळा मजकूर मोठ्यानं वाचायच्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत. लांबच्या नातेवाइकाचं पत्र घरादाराला वाचून दाखवावं तसा त्यांचा सूर लागायचा. त्याआधी आम्हाला एक प्रश्न ठरलेला असायचा, "काय म्हणते?" आम्हाला ते कुठं ठाऊक! आम्ही न वाचताच 'ओके' दाबायला निघालेले असायचो. मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची शाळा होती. पाटीवर चांगलं भारदस्त नाव होतं, ते कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, 'काय म्हणते बाईची शाळा'. बाईंना हे माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाईटही वाटत नसे.

मी त्यांच्याकडं गेले तेव्हा बारावी करून घरी बसले होते. मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात आमचा भाजीचा मळा. सकाळी वडिलांबरोबर वांगी-मेथी बाजारात पोचवायची, मग बाईंची माडी चढायची, आणि दुपारच्या गाडीनं गावी परत, कारण संध्याकाळच्या तोडणीला हात कमी पडायचे. त्यामुळं माझा एक डोळा कायम घड्याळावर. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ओळखलं. "रेखे, तू टाइप करून राह्यली का गाडी धरून राह्यली?" त्या म्हणायच्या. "गाडी गेली तं दुसरी येईन. ओळ सुटली तं थे तुले कोन आणून देईन?" मी हसायचे आणि पुढची ओळ धरायचे.

बाईंची शिकवायची रीत जुनी, टाइपरायटरच्या जमान्यातली. कळफलकाकडं बघायचं नाही. कुणाची नजर खाली गेली की बाई पिशवीतून इस्त्रीचा रुमाल काढायच्या आणि त्याच्या हातांवर पसरायच्या. रुमालाखाली बोटं चालायची आणि आम्ही मुकाट्यानं पडद्याकडं बघत राहायचो. "बोटाईले सोताचे डोळे असतात," त्या म्हणायच्या, "तुमी आपले डोळे तिथं खुपसले का मंग थे आंधळे होतात." परीक्षा जवळ आली की माडीवर एका वेळी चार-चार रुमाल पसरलेले असायचे. खालचा किराणावाला कधी वर डोकावला तर विचारायचा, "बाई, आज कोनाचं जेवण झाकून ठेवलं?"

हे वाचून दाखवायचं खूळ मात्र मेडशीचं. मेडशी बाईंचं माहेर. त्यांच्या लहानपणी वस्तीतल्या बायकांमध्ये वाचता येणारं एकच माणूस होतं आणि ते चौथीत होतं. विहाराच्या ओट्यावर बसून ही चौथीतली पोर सगळ्या बायकांची पत्रं वाचून दाखवायची. एकदा एका बाईला मुलाचं पत्र आलं. वरच्या अर्ध्यात ख्यालीखुशाली होती. खालच्या अर्ध्यात तो दवाखान्यात आहे, आईनं लवकर निघून यावं, असं लिहिलं होतं. पोरीची नजर आधीच खाली गेली, ती घाबरली, आणि "बस, एवढंच हाय" म्हणून तिनं कागदाची घडी घातली. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी ते पत्र पुरतं वाचलं, तेव्हा आई धावली. मुलगा बरा झाला. पण त्या माउलीनं पुन्हा कधी बाईंच्या हातात पत्र दिलं नाही. "तवापासून कानाले खडा," बाई सांगायच्या. "अर्धं पत्र वाचाचं नाई. मंग थे माणसाचं असो का मशिनीचं."

विंडोजऐवजी लिनक्स आमच्या माडीवर आलं तेही याच खोडीमुळं. टाइपरायटर मोडीत निघाले तेव्हा बाईंनी एका कचेरीनं काढून टाकलेले चार जुने संगणक घेतले होते. त्यांवर संगणकवाल्या दुकानदारानं आपल्याकडच्या एकाच सीडीवरून विंडोज भरून दिली होती, गावातल्या निम्म्या संगणकांवर भरली होती तीच. गावभरच्या पेनड्राइव्हमधून गावभरचे व्हायरस आमच्याकडं मुक्कामाला यायचे. मग दुकानदार यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "फॉरमॅट मारा लागते." एकदा पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ उमटू लागली. आम्ही ती महिनाभर रोज बघत होतो. बाईंनी ती वाचली. ही प्रत अस्सल नाही, असं ती म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. "परीक्षेत नक्कल करू नोका म्हणून मी तुमच्या डोक्यावर बसतो," त्या म्हणाल्या (आमच्याकडं बायकाही 'बसतो', 'येतो'च म्हणतात), "अन् सोता नकलेवर शिकवून राह्यलो. कोनत्या तोंडानं शिकवू?"

वाशीमच्या एका कॉलेजातल्या सरांकडून त्यांना लिनक्सची सीडी मिळाली. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले होते. बाईंनी सरांना विचारलं, "चोरीचं तं नाई?" सर म्हणाले, नाही. "मंग हे बनवते कोन?" सर म्हणाले, जगभरची माणसं मिळून बनवतात, कुणीही आतलं वाचावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला फुकट द्यावं, कुणाची हरकत नाही. बाई थोड्या पुढं सरकल्या. "वाचता येते? आतलं समदं?" आतलं सगळं, सर म्हणाले. मग बाईंनी सीडी पदराला पुसली आणि पिशवीत घातली. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

ते बसवलं तो दिवस एखाद्या ग्रामसभेसारखा गेला. संगणक जे जे विचारी ते ते बाई मोठ्यानं वाचत आणि आम्ही हात वर करून उत्तर देत असू. आधीचं सगळं पुसलं जाईल, नक्की का, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं, "काय म्हणते? समजलं न सगळ्याईले? मागून बोंबलू नोका." पुढं कामं होत गेली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, बचत गटाचे ठराव, सगळं त्याच चार संगणकांवर. अडचणी नव्हत्या असं नाही. दुसरीकडून आलेल्या फाइलीतले तक्ते कधी तिरपे व्हायचे, आणि प्रिंटर तर आठवडाभर रुसून बसला होता. बाई निरोप वाचायच्या, शब्दकोश काढायच्या, एका वहीत अर्थ लिहून ठेवायच्या आणि वर आपलं मतही. 'परमिशन डिनाइड' या निरोपाखाली त्यांनी लिहिलं होतं, "बरोबर आहे. विचारल्याशिवाय घरात कोण घेते?"

गावाला मात्र फुकट या शब्दाचा संशय होता. फुकटचं आहे म्हणजे खराब असणार. दोन-तीन मुलं शाळा सोडून गेली. एक दिवस माझे वडीलही भाजीची रिकामी टोपली घेऊन माडी चढून आले. "बाई, फुकटच्या मशिनीवर शिकून नोकरी लागते काय?" बाईंनी आधी त्यांना पेलाभर पाणी दिलं. वडील ते प्याले. "दादा, पानी फुकट देलं. खराब होतं काय?" वडिलांनी पेला खाली ठेवला. "अन् बोटाईले सिस्टीम नाई समजत. बोटाईले अक्षर समजते." खाली उतरल्यावर वडील मला म्हणाले, "जात जाय. बाई खरी हाय." वांग्याखेरीज कशाबद्दलही इतक्या लवकर मत देणारा हा माणूस नव्हे.

आता ओव्यांचं सांगते. बाईंच्या आईला अक्षर येत नव्हतं. जन्मभर ती दुसऱ्यांच्या मळ्यांत निंदायला-खुरपायला गेली आणि काम करता करता ओव्या म्हणत राहिली. ती गेल्यावर बाई मेडशीला तिच्या सोबतिणींमध्ये बसल्या आणि त्यांच्या तोंडून आईच्या ओव्या लिहून घेतल्या. चार-पाच जणी एकदम बोलत होत्या, एकीची संपायच्या आत दुसरीची सुरू होत होती, आणि बाई रडत रडत लिहीत होत्या. निघताना एक म्हातारी म्हणाली, "याईच्यात एक तुह्यावर बी हाय व. तू घरी नसली का म्हणे तुही माय." कोणती ते विचारायचं बाईंच्या ध्यानात आलं नाही. दोन वह्या भरल्या आहेत, पुढं निवांत वाचू, असं त्यांना वाटलं.

त्या वह्या निवांत वाचायच्याऐवजी त्यांनी आम्हाला वाटल्या. सरावाच्या पुस्तकातले उतारे रुक्ष असतात म्हणून बाई आम्हाला टाइप करायला ओव्या द्यायच्या. प्रत्येकाला एक पान. ते दहा वेळा टाइप करायचं आणि दहावी खेप तेवढी स्वतःच्या नावानं ठेवून द्यायची. फाँट जुनाच, टाइपरायटरच्या क्रमाचा. बोटांना तोच पाठ म्हणून बाईंनी तो लिनक्समध्येही बसवून घेतला होता. अशा रीतीनं वर्षा-दोन वर्षांत दोन्ही वह्या मुलांच्या नावानं संगणकात गेल्या. नंतर वह्यांच्या पेटीला वाळवी लागली, तेव्हाही बाई फार हळहळल्या नाहीत. "मशिनीत हाय न समदं," म्हणाल्या. माझ्या वाट्यालाही एक पान आलं होतं. त्यात काय होतं ते मला आठवत नव्हतं, कारण मी ते वाचलंच नव्हतं. मी ते टाइप केलं होतं.

मला वाशीमला एका कचेरीत नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. बाईंकडं जाणं महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी, तेही दुपारच्या गाडीचा हिशेब मनात ठेवून. दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा बाई माझ्याकडं बघून बोलत होत्या, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा पुण्याला बोलवत होता, बाई जायला तयार नव्हत्या. शिकवणं चालूच होतं. "मी तं जलमभर न पाहताच टाइप केलं," मला म्हणाल्या. "आता पाहाचं राह्यलंच काय?" मला रडू आलं आणि ते मी त्यांना दिसत नाही म्हणून येऊ दिलं. त्यांना ते बरोबर कळलं. "नाक पूस," म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मनातलं सांगितलं. "माह्यावरची ओवी मी वाचलीच नाई व. उद्या वाचू, सुट्टीत वाचू, असं करता करता राह्यलं. आता वाचाले बसलो तं अक्षर दिसत नाई." मी म्हटलं, त्यात काय, मी वाचून दाखवते, चार-पाच रविवारांत सगळ्या फाइली होतील. बाईंनी मान हलवली. "मायनं काय म्हटलं कोनाले माईत. बरं म्हटलं असन, वाईट म्हटलं असन. वाईट असन तं तू गाळशीन." मी म्हटलं, मी नाही गाळणार. "मी बी असंच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "चौथीत असतानी." दुसऱ्याच्या तोंडून पत्र ऐकणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्या म्हणाल्या, "मशिनीलेच काई जमते का पाहू. तिच्या सेटिंगमंदी काय काय हाय थे वाच बरं." मी चार-पाच नावं वाचली आणि सांगितलं, बाकी काही आपल्या कामाचं नाही. "अर्धंच?" बाईंनी विचारलं. मी निमूट पुढं वाचू लागले. ध्वनी, छपाई, तारीख आणि वेळ. बरंच खाली 'सुलभता' होतं. त्याच्या आत एक ओळ होती, 'पडदा वाचक'.

"कोन वाचते?" बाईंनी विचारलं.

"मशीन वाचते, बाई. पडद्यावर जे आहे ते मोठ्यानं."

बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मराठी?"

मी आवाजांची यादी उघडली. तिच्यात मराठी होतं.

आवाज ऐकून आम्ही दोघी पोट धरून हसलो. सर्दी झालेल्या कंडक्टरनं थांब्यांची नावं पुकारावीत तसा तो होता. पडद्यावरचं काही म्हणून सोडत नव्हता. बटण आलं की बटण म्हणे, चौकट आली की चौकट म्हणे. "हे तं माह्यावर वरताण हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. मग मी ओव्यांची पहिली फाइल उघडली आणि वाचायला लावली. यंत्र भलतंच काहीतरी बोलू लागलं. अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच कंस, मध्येच स्वल्पविराम. दुसरी फाइल उघडली, तीच तऱ्हा. तिसरी, चौथी, तेच. "काय म्हणते?" बाईंनी विचारलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्या प्रश्नाला त्यांच्याकडंही उत्तर नव्हतं.

घोळ लक्षात यायला मला तास लागला. आमचा तो जुना फाँट म्हणजे नुसता मुखवटा होता. आम्ही दाबायचो त्या कळांची आत इंग्रजी अक्षरंच साठत होती. फाँट त्यांना वरून मराठी चेहरा चढवत होता. डोळ्यांना मराठी दिसत होतं, म्हणून कुणाला कधी शंका आली नाही. आम्ही एवढी वर्षं मराठी टाइप करत होतो आणि यंत्राला त्यातलं एक अक्षरही मराठी म्हणून माहीत नव्हतं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, आज तरी बाई त्या डबड्यावर चिडतील. "त्याची काय चुकी?" बाई म्हणाल्या. "आपन जे देलं थेच थे वाचून राह्यलं. खोटं आपन सांगितलं."

पण त्या खचल्या. पुढच्या रविवारी मी गेले तर संगणकावर कापड झाकलेलं होतं. मी त्यांना समजावलं. कोणतं इंग्रजी अक्षर कोणत्या मराठी अक्षराच्या जागी आहे याची यादी केली, की सगळ्या फाइली त्या यादीतून काढून खऱ्या मराठीत आणता येतात. तेवढी हत्यारं लिनक्समध्ये असतातच, फुकट. इंटरनेटवर अशा याद्या होत्या, पण दुसऱ्या फाँटच्या, अर्ध्यामुर्ध्या. आपल्या फाँटची यादी कुठून आणायची, एवढाच प्रश्न होता. बाईंनी कापड बाजूला केलं, हात कळफलकावर ठेवले, बोटं आपापल्या जागी बसवली आणि म्हणाल्या, "लिही."

एक एक कळ दाबत त्यांनी सगळी यादी सांगितली. साध्या कळा, शिफ्ट धरून दाबायच्या कळा, जोडाक्षरांच्या खास कळा. ज्यांना समोरची मी दिसत नव्हते त्यांना सगळा फाँट बोटांवर दिसत होता. कुठं अडल्या नाहीत, फक्त एकदा पाणी प्यायला थांबल्या. काम सुरू करायच्या आधी मी फाइलींची एक प्रत काढून ठेवली तेव्हा म्हणाल्या, "काढ. ही नक्कल चालते." मात्रा-वेलांट्या आपापल्या जागी बसवायला आणखी तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सर्दीवाल्या आवाजानं पहिली ओवी म्हटली. सूर नव्हता, ठेका नव्हता, पण शब्द मेडशीचे होते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान थोडी वाकडी करून ऐकत राहिल्या. मला म्हणाल्या, "तू जाय आता. तुही गाडी हाय." त्यांना एकटीनं ऐकायचं होतं.

पुढचे काही आठवडे त्यांचे फोन येत. आज कोणाची फाइल झाली, आईनं भावाला कसं झोडपलंय, सासरच्यांची कशी खोडी काढलीय. पोटभर हसायच्या. शेवटी म्हणायच्या, "माही नाई सापडली अजून." मग एक दिवस फक्त एवढंच म्हणाल्या, "रेखे, येऊन जाय."

मी गेले. सगळ्या फाइली ऐकून संपल्या होत्या. त्यांच्यावरची ओवी कशात नव्हती. "एकच अर्धी हाय," त्या म्हणाल्या आणि कळ दाबली. आवाज एक पानभर ओव्या म्हणत गेला, आणि शेवटी म्हणाला:

मेथीच्या वाफ्यात पानी चाललं हळू हळू

आणि थांबला.

"पुढं काय म्हणते?" बाईंनी विचारलं. "कोनाची फाइल हाय थे पाह्य."

पाहायची गरज नव्हती. मला तो दिवस लख्ख आठवला. दहावी खेप, शेवटची ओळ, आणि खाली स्टँडवर लागलेली माझी गाडी. मी होतं तेवढं जतन केलं आणि जिना उतरत पळाले. दुसऱ्या दिवशी पुरं करू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी विसरले. वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. मेडशीच्या त्या म्हाताऱ्या कधीच्याच गेल्या होत्या. बाईंच्या आईनं बाईंवर म्हटलेली एकुलती एक ओवी मी दुपारच्या गाडीसाठी अर्धी तोडली होती. मी सगळं सांगितलं. बाई माणसांवर चिडायच्या, हे मी सुरुवातीलाच म्हटलं आहे. मी त्याची वाट बघत उभी राहिले.

बाईंनी चाचपत पिशवी ओढली. आतून इस्त्रीचा रुमाल काढला.

"बस," म्हणाल्या. "जुना फाँट लाव. पान पह्यल्यापासून टाइप कर. डोळे मीट. डोक्याले इचारू नोको, त्याले काई माईत नाई. बोटाईले इचार. त्याईनं नऊ खेपा पुरं केलं हाय."

माझ्या हातांवर रुमाल पडला. आवाजानं एक एक ओळ सांगितली आणि मी ती टाइप करत गेले. शेवटच्या ओळीशी आवाज थांबला आणि बोटंही थांबली. दुसऱ्यांदाही तिथंच अडलं. "घड्याळ काढ," बाई म्हणाल्या. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि रुमाल पुन्हा हातांवर ओढला. तिसऱ्यांदा बाईंनी आवाज बंदच केला. "आता कोनी सांगनार नाई. तूच म्हण." पहिल्या ओळीपासून बोटं निघाली. मी मळ्याचा विचार केला नाही, ओवीचा केला नाही, गाडीचाही केला नाही. हळू हळू या शब्दांनंतर उजव्या हाताचं बोट वर गेलं आणि मग दोन्ही हात आपल्या मनानं चालत राहिले. थांबले तेव्हा ओळ संपली होती हे मला बोटांवरून कळलं.

मी डोळे उघडले, फाइल यादीतून काढून घेतली आणि पडद्यावर बघितलं. मला चार ओळींचा रजेचा अर्ज धड सुचत नाही, ओवी रचणं तर लांबच. ही ओळ माझी नव्हती. ती वाचून दाखवायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण पत्र बाईंचं होतं. मी त्यांचं बोट धरून कळेवर ठेवलं, आणि सर्दीवाला आवाज म्हणाला:

मेथीच्या वाफ्यात पानी चाललं हळू हळू
लेक चालली शाळेले, उन्हा तिले नको जाळू

बाईंच्या तोंडून नेहमीचा प्रश्न आला, अगदी लहान आवाजात, "काय म्हणते?" मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. प्रश्न मला नव्हताच. त्यांनी पुन्हा कळ दाबली, आणि आवाजानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

खाली स्टँडवर दुपारची गाडी लागली होती. कंडक्टर वाशीम, वाशीम म्हणून ओरडत होता. रुमाल माझ्या मांडीवर पडला होता. मी उठले नाही.